मदत हवी आहे: होडीवर हातातला व्हीएचएफ (समुद्रावर बोलायचा बिनतारी संच) कसा वापरावा?

नमस्कार मंडळी. मालवणला काकांची छोटी यांत्रिक होडी आहे. यंदा हातात धरायचा व्हीएचएफ घेतलाय, १ आणि ५ वॅट अशा दोन ताकदींवर चालणारा. बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, एवढं जमतं. पहिल्या दिवशी माझं पहिलं अक्षरच गिळलं जात होतं, काका हसून बेजार!

अडचण चॅनल १६ ची आहे. तो संकटासाठी आणि हाक मारण्यापुरता, हे ठाऊक आहे. हाक मारताना आधी समोरच्याच्या होडीचं नाव घ्यायचं, मग आपलं, आणि उत्तर आलं की दोघांनी दुसऱ्या चॅनलवर जायचं. पण तो चॅनल कोणी सुचवायचा, हाक मारणाऱ्याने की उत्तर देणाऱ्याने? आपल्याकडे मच्छीमार बांधव सहसा कोणत्या चॅनलवर बोलतात?

आणखी एक. १६ वर कोणी बाजारभावाच्या गप्पा मारत बसलं तर टोकावं का? वयाने मोठे तांडेल (होडीचे प्रमुख) असतात, उगाच उद्धटपणा नको.

जवळच्या होडीशी बोलायला १ वॅट पुरतं ना? बॅटरीही वाचते. या संचाच्या परवान्याचे कागद कोणी केले असतील तर तेही सांगा.