पुन्हा: पुन्हा: बाहेर पडायचंच होतं, मग करार पाडला कोणी?

हॅरोहून:

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या तिकिटांच्या धाग्यात हे घुसडत नाही, म्हणून वेगळा विषय काढला. लेकीने ए-लेव्हलला पॉलिटिक्स घेतलंय आणि ती एका निबंधावर अडलीय. टोरी पक्षात ज्यांना युरोपियन संघातून सगळ्यात जास्त बाहेर पडायचं होतं, त्यांनीच तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या बाहेर पडण्याच्या कराराविरुद्ध मत का दिलं? मी इथे २०१७ला आले. सार्वमताचा गोंधळ मी कोथरूडमधून व्हॉट्सअ‍ॅपवरच पाहिला, त्यामुळे आई म्हणून माझी बोंबच आहे. पुस्तकातलं तिच्याकडे आहे. तिला इथे राहून पाहिलेल्यांचं हवंय.

---

स्लाऊहून, काका:

ताई, लेकीला सांग, २०१६पासून सुरुवात करू नकोस, १९७५ला जा.

तेव्हा आम्ही याला ‘कॉमन मार्केट’ म्हणायचो. टोरी पंतप्रधान हीथ यांनी १ जानेवारी १९७३ला देश आत नेला आणि फूट पडली ती मजूर पक्षात. पंतप्रधान विल्सन यांनी तोडगा काढला: मंत्र्यांनी ज्याला जे पटेल ते उघड बोलावं, निकाल सार्वमतात जनता लावेल. २३पैकी ७ मंत्री सरकारच्याच विरोधात प्रचाराला उतरले. दारात तीन पत्रकं पडली होती. एक ‘राहा’वाल्यांचं, एक ‘निघा’वाल्यांचं आणि तिसरं सरकारचं, तेही ‘राहा’च सांगणारं. मी कारखान्यात होतो. युनियन म्हणाली ‘नाही’, मी ‘नाही’वर फुली मारून आलो. राष्ट्रकुलातले म्हणून आम्हा भारतीयांना मत होतं. ६७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, आम्ही गप्प चहा प्यायलो. आणि त्या वेळी टोरींच्या नेत्या असलेल्या थॅचरबाई सगळ्या सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून ‘राहा’च्या प्रचारात फिरत होत्या!

पुढे त्यांचंच मन फिरलं आणि भांडण टोरींच्या घरात आलं. १३ नोव्हेंबर १९९०ला जेफ्री हाऊ यांचं भाषण मी टीव्हीवर पाहिलंय. राजीनामा दिलेला मंत्री, बोलणं अगदी संथ, आणि उपमा क्रिकेटची: सलामीचे फलंदाज खेळायला उतरतात आणि पहिला चेंडू पडल्यावर कळतं, की आपल्या बॅटी आपल्याच कप्तानाने आधी मोडून ठेवल्यात. नऊ दिवसांत बाईंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान मेजर यांना युरोपियन संघ उभा करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराने पुरतं छळलं. २०१६ला पंतप्रधान कॅमेरून यांनी विल्सन यांचीच युक्ती काढली, घरातलं भांडण चव्हाट्यावर नेऊन जनतेकडून मिटवून घ्यायचं. या वेळी ५१.९ टक्के उलटे गेले.

पण मतपत्रिकेवर एवढंच होतं, राहायचं की निघायचं. निघून जायचं कुठे, ते नव्हतं. कोणाला फक्त माणसांची ये-जा थांबवायची होती. कोणाला जगभर स्वतःचे व्यापारकरार करायचे होते. प्रीती पटेल करी रेस्टॉरंटवाल्यांना सांगत होत्या, की युरोपातली गर्दी कमी झाली की तुमचे आचारी आणता येतील. ही सगळी मतं एकाच पेटीत पडली.

मे यांचा करार अडला तो आयर्लंड आणि ब्रिटनचा उत्तर आयर्लंड यांच्यातल्या सीमेवर. १९९८च्या शांतता करारानंतर तिथे चौक्या उरल्या नव्हत्या, त्या परत नकोत. म्हणून दुसरी सोय लागेपर्यंत अख्खा ब्रिटन युरोपच्या जकात संघात राहील, अशी तरतूद घातली. तिचं नाव बॅकस्टॉप. तिच्यातून एकट्याच्या मर्जीने बाहेर पडता येत नव्हतं. कट्टर मंडळींना ते घर सोडून अंगणात कायमचं बसवून ठेवल्यासारखं वाटलं. शेवटपर्यंत त्यातले २८ जण हलले नाहीत. करार त्यांनी पाडला.

---

रेडिंगहून:

काका, बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य नाही. माझा धंदा हिशेबाचा, म्हणून बोलतो.

पहिलं मतदान १५ जानेवारी २०१९. विरोधात ४३२, बाजूने २०२. टोरींचे ११८ फुटले, त्यात दोन्ही टोकांचे होते. दुसरं १२ मार्चला, ३९१ विरुद्ध २४२. तिसरं २९ मार्चला, म्हणजे ज्या दिवशी मुळात बाहेर पडायचं ठरलं होतं त्याच दिवशी: ३४४ विरुद्ध २८६. आता ते २८ इकडून तिकडे न्या. ३१६ विरुद्ध ३१४. तरीही दोन मतांनी पडतो! उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाचे १० जण विरोधात होते, त्यांच्यावर तर सरकार टेकलेलं. आणि फुटलेल्या ३४ टोरींमधले बाकीचे ६ पुन्हा सार्वमत मागणारे होते. बोरिस जॉन्सन तोवर वळून कराराच्या बाजूने आले, त्यांचा सख्खा भाऊ जो विरोधात. एकाच आईचे दोघे, एकाच दुपारी मतदानाच्या दोन वेगळ्या लॉब्यांत. लेकीने हे जरूर लिहावं.

केन क्लार्क यांनाही विसरू नये. बाहेर पडण्याची नोटीस द्यायच्या वेळी, २०१७ला, विरोधात मत देणारे ते एकटे टोरी. पण मे यांच्या कराराला त्यांनी तिन्ही वेळा मत दिलं. निघायचंच ठरलंय तर निदान नीट निघू, हा त्यांचा हिशेब.

आपल्या लोकांना कळत नाही ती गोष्ट व्हिपची, म्हणजे मत कसं द्यायचं या पक्षाच्या आदेशाची. भारतात १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप मोडला की आमदारकी-खासदारकी धोक्यात. इथे पक्ष फार तर खासदाराला संसदीय पक्षातून काढतो, खुर्ची त्याचीच राहते. म्हणून ११८ जण उजळ माथ्याने फुटू शकले. गुवाहाटीला हॉटेल बुक करावं लागलं नाही.

---

यादीचे व्यवस्थापक:

चर्चा चालू द्या, फक्त शेवटच्या वाक्यावरून नवा धागा फुटू देऊ नका. फराळाचे पैसे अजून अकरा घरांचे यायचे आहेत.

---

लेस्टरहून, मावशी:

तुमचे आकडे वाचून डोकं गरगरलं. मी माझं सांगते. १ मे २०१४, नेमका महाराष्ट्र दिन, आणि त्या दिवसापासून ब्रसेल्सने हापूस बंद केला. फळमाशी सापडली म्हणे. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. अळू! त्या वर्षीच्या गणपतीला मी पालकाच्या वड्या केल्या. कोणी खाल्ल्या नाहीत. जानेवारी २०१५ला आंब्याची बंदी उठवायचं ठरलं, पण राग राहिला, आणि २०१६ला मी ‘निघा’वर फुली मारली. आमच्या ह्यांनी ‘राहा’वर. आठवडाभर जेवताना फक्त बातम्यांचा आवाज. माशी काही कोणत्या संघात आहात ते विचारून येत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं, पण मत देताना कळणं आणि राग येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोरी खासदारांचं याहून फार वेगळं झालं असेल असं मला वाटत नाही.

---

हॅरोहून:

काका, रेडिंगकर, मावशी, मनापासून आभार. ३१६-३१४चं गणित तिने वहीत उतरवलं, वड्यांवर खूप हसली. आता तिचा एकच प्रश्न उरलाय: सप्टेंबर २०१९ला, पंतप्रधान झाल्यावर, जॉन्सन यांनी क्लार्क आणि चर्चिलचे नातू सोम्स धरून २१ जणांना एका रात्रीत संसदीय पक्षातून काढलं. मग मे यांनी ११८ जणांवर कारवाई का नाही केली?

---

स्लाऊहून, काका:

रेडिंगकरांचा हिशेब बरोबर, माझं वाक्य मागे घेतो.

लेकीसाठी: मे यांच्याकडे ६५०पैकी ३१७ जागा आणि डीयूपीचा टेकू. ११८ काढले असते तर दुसऱ्या दिवशी सरकारच नव्हतं. जॉन्सन यांचं बहुमत त्याच दिवशी दुपारी गेलं होतं, एक खासदार भर सभागृहात पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. त्यांना निवडणूकच हवी होती, त्यांचं काय जाणार होतं?

आणि मावशी, साउथॉलला अळू मिळतं. देठ काळं बघून घ्या, नाहीतर घसा खाजतो.