मदत हवी आहे: आईसाठी मांडीला दाबाचा पट्टा बांधून चालण्याचा व्यायाम

नमस्कार. थोडं सविस्तर लिहितोय, अर्धवट माहितीवर कुणी सल्ला द्यावा असं वाटत नाही.

आई ७८ वर्षांची, सांगलीत माझ्याकडेच असते. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, १२ दिवस दवाखान्यात होती. ताप उतरला, छाती मोकळी झाली, पण पायातलं बळ गेलं ते गेलंच. रोज गणपती मंदिरापर्यंत चालत जाणारी आई आता न्हाणीघरापर्यंत जाताना भिंतीचा आधार घेते. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकते, चार बोटं वर उचलली जाते, परत बसते, आणि मग दम धरून दुसऱ्यांदा उठते. तेवढा वेळ मी श्वास रोखून उभा असतो.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी घरी येऊन सगळं मोजलं. ४ मीटर चालायला ७ सेकंद. खुर्चीतून ५ वेळा उठबस करायला २१ सेकंद (१२ च्या आत हवी). हाताची पकड १३ किलो, आशियाई निकषांप्रमाणे बायकांची १८ च्या खाली नको. पोटरीचा घेर आईच्याच शिवणाच्या पेटीतल्या टेपने घेतला, ३० सेंमी भरला. वर्षात वजन ५२ वरून ४६. ‘फ्रेल’, म्हणजे वयामुळे खंगलेली, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

गुडघे झिजलेले आहेत, त्यामुळे जड वजनाचे व्यायाम सोसत नाहीत. म्हणून मॅडमनी बीएफआर (ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, म्हणजे रक्तप्रवाह आवळून करायचा व्यायाम) सुचवलं. मांडीच्या अगदी वर बीपीच्या मशिनसारखा फुगणारा पट्टा बांधायचा, पायाकडे जाणारं रक्त थोडं कमी होतं, परतणारं बरंचसं अडतं, आणि नुसतं सावकाश चाललं तरी स्नायूला जड काम केल्यासारखं होतं. हे मूळ जपानचं, योशिआकी सातो यांचं ‘काअत्सु’. तिथे ६० ते ७८ वयाच्या लोकांना आठवड्यातून ५ दिवस, २० मिनिटं असं ६ आठवडे चालवलं, तर मांडीचा स्नायू वाढलेला दिसला. पण ती माणसं चालतीफिरती होती. माझी आई तशी नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे.

एक चूक माझ्याकडून आधीच झाली आहे. मॅडमची वेळ मिळेपर्यंत एका जिममधल्या मुलाला घरी बोलावलं. त्याने साधा इलॅस्टिकचा पट्टा आणला, “आजी, दहापैकी सात इतकं घट्ट वाटलं पाहिजे” म्हणाला आणि बांधला. आई कधी कुणाला नाही म्हणत नाही. दोन मिनिटांत पायाची बोटं पांढरट पडली, मी पट्टा ओढून काढला. दुसऱ्या दिवशी मांडीवर बोटभर रुंद निळा वळ होता.

बीपीची एक गोळी चालू आहे, साखर नाही. दाब किती ठेवायचा, तो कसा ठरवतात, आणि या वयात रक्ताची गुठळी व्हायची भीती कितपत खरी, हे कृपया सांगा. पुण्याचा भाऊ म्हणतो, हे उद्योगच नकोत. आईला मात्र करायचं आहे.

प्रतिसाद
दादा, मी फिजिओ आहे, वृद्धांचंच काम करते. तुम्ही पट्टा काढलात ते योग्यच केलंत. अंदाजाने घट्ट बांधणं तरुण खेळाडूंत चालवून घेतात, आजींना अजिबात नको. पायाचा रक्तप्रवाह पूर्ण थांबायला किती दाब लागतो ते डॉप्लरवर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणारं यंत्र) बघतात आणि त्याच्या ४० ते ८० टक्के दाब वापरतात. आजींसाठी ४० नेच सुरुवात करा. दुसऱ्या कुणाचा आकडा घेऊ नका. पट्टा रुंद असेल तर कमी दाबातच रक्त थांबतं, अरुंद असेल तर जास्त लागतो.

गुठळीबद्दल. जपानमध्ये १२,६०० हून जास्त लोकांच्या पाहणीत निळे डाग सुमारे १३ टक्के जणांना आले, शिरेतली गुठळी ०.०५५ टक्के. प्रमाण कमीच आहे, पण आजी १२ दिवस अंथरुणावर होत्या. एक पाय जास्त सुजलेला, गरम, पोटरी दुखते असं काही आहे का? नसलं तरी मी आधी दोन्ही पायांचा कलर डॉप्लर करून घेईन आणि फिजिशियनचा होकार मिळाल्याशिवाय पट्टा लावणार नाही. पूर्वी गुठळी झालेली असेल, बीपी आटोक्यात नसेल किंवा पायाच्या धमन्या अरुंद असतील, तर हा विषय बंद.

आणि लगेच चालायला नको. पट्टा असताना बीपी साध्या चालण्यापेक्षा जास्त चढतं, सोडल्यावर चक्कर येऊ शकते. खुर्चीत बसून पॅडल, ५ मिनिटं, आठवड्यातून दोनदा. बीपी आधी, मध्ये आणि नंतर. मुंग्या आल्या किंवा पाऊल गार पडलं की लगेच हवा सोडा.

जेवतात काय? ४६ किलोला दिवसाला निदान ५० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं. ते नसेल तर स्नायू कशातून भरणार?

धागाकर्ता
ताई, मनापासून आभार. जेवणाचं तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं, अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी एवढंच जातंय. आता सकाळी दोन अंडी, दुपारी दही, रात्री मुगाचं धिरडं सुरू केलंय. डॉप्लर झाला, दोन्ही पाय साफ आहेत, फिजिशियननीही होकार दिला. काल मॅडमनी स्वतः दाब ठरवून ५ मिनिटं पॅडल करून घेतलं. बीपी १३२ वरून १५० ला गेलं, दहा मिनिटांत खाली आलं. आईने पाय चाचपून पाहिले आणि म्हणाली, “मंदिराची पायरी चढल्यावर असंच भरून यायचं.”

एवढंच विचारायचं राहिलं: ५ ची ७ मिनिटं कधी करायची? आकड्यावर ठरवायचं की तिच्या उठण्याबसण्यावर? भाऊ रविवारी येतोय, त्याच्यासमोरच मॅडमशी बोलेन म्हणतोय.