दाणा ४४० कोटी वर्षांचा, खडक ३०० कोटींचा: हे कसं?

प्रश्न (दगडधोंडे)
पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं सांगतात. सर्वांत जुन्या खडकांत कॅनडाच्या अकास्टा नाइसचं नाव येतं, तो ४०३ कोटींचा. पण पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सला झिरकॉन या खनिजाचा ४४०.४ कोटी वर्षांचा दाणा मिळालाय, आणि तो ज्या खडकात मिळाला तो म्हणे ३०० कोटींचा. दाणा खडकापेक्षा जुना कसा? आणि वय काढतात ते दाण्यातल्या युरेनियमपासून बनलेल्या शिशावरून; एवढ्या काळात थोडं शिसं जरी झिरपून गेलं असेल, तर या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा?

उत्तर १ (चाळणी)
जुन्या वाड्याचा खांब नव्या घरात बसवला म्हणून घर वाड्याएवढं जुनं होत नाही. जॅक हिल्सचा खडक नदीतले गोटे आणि वाळू घट्ट होऊन बनलेला आहे. मूळ खडक झिजून संपला; झिरकॉन कठीण आणि पाण्यात न विरघळणारा, म्हणून तो तेवढा उरला.

दाणे वेगळे करण्याची रीत अशी. खडक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक करून चाळायचा, धुवून हलकी माती काढायची, चुंबकाने लोहयुक्त खनिजं ओढून घ्यायची. उरलेलं मिथिलीन आयोडाइड या जड द्रवात टाकायचं. त्याची घनता ३.३, क्वार्ट्‌झ-फेल्डस्पार (सुमारे २.६५) तरंगतात, झिरकॉन (४.६) तळाला बसतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा वेचून इपॉक्सीत बसवायचा आणि दाण्याचा मध्य उघडा पडेपर्यंत घासायचा.

इथे घोटाळा होतो तो बहुधा चाळणीत. आधीच्या नमुन्याचा एक दाणा जाळीत अडकून राहिला तरी पुढच्या खडकाला भलतंच वय चिकटतं. म्हणून जाळीचं कापड दर नमुन्याला नवं घ्यावं.

उत्तर २ (अर्धायुष्य)
शिशाचं सांगतो. स्फटिक बनताना झिरकॉन युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आत सापडणारं शिसं बहुतेक सगळं नंतर तयार झालेलं. शिवाय घड्याळं दोन आहेत. युरेनियम-२३८ पासून शिसं-२०६ बनतं, त्याचं अर्धायुष्य (अर्धे अणू मोडायला लागणारा काळ) ४४६.८ कोटी वर्षं; युरेनियम-२३५ पासून शिसं-२०७, त्याचं ७०.४ कोटी. ४४०.४ कोटी वर्षांनी पहिल्याच्या दर हजार अणूंतले साधारण ५०५ उरतात, दुसऱ्याचे फक्त १३. दोन्ही घड्याळांनी एकच वय दाखवलं तर शिसं गळलेलं नाही.

गळलं असेल तर शिसं-२०७ आणि शिसं-२०६ यांचं गुणोत्तर बघतात. या वयाला ते ०.५५८ च्या आसपास येतं. गळती अलीकडची असेल तर दोन्ही प्रकारचं शिसं सारख्याच प्रमाणात जातं, गुणोत्तर हलत नाही. गळती फार जुनी असेल तर मात्र वय कमी दिसतं. म्हणजे ही चूक दाण्याला तरुण दाखवते, म्हातारा नाही.

म्हातारा दाखवणारी शक्यता वेगळी: शिसं स्फटिकातल्या स्फटिकातच सरकून एका जागी गोळा होणं. २०१४ साली जॅक हिल्सच्याच दुसऱ्या एका दाण्यात अणू-अणू मोजून हे तपासलं गेलं. शिशाचे पुंजके खरंच सापडले, पण १० नॅनोमीटरच्या आसपासचे. वय मोजणाऱ्या आयन-झोताचा ठिपका २०–३० मायक्रॉनचा, म्हणजे असे असंख्य पुंजके एका ठिपक्यात येतात आणि सरासरी बिघडत नाही. तो दाणा ४३७.४ कोटींचा ठरला. मी लिहिताना सर्वांत जुन्या दाण्यासाठी ४४०.४ ऐवजी हाच तपासलेला आकडा वापरतो.

गळतीचं मूळ कारण किरणोत्सार. युरेनियम जास्त असलेल्या भागात स्फटिकाची जाळी मोडते, तो भाग काचेसारखा होतो आणि पाणी तिथून शिसं नेतं. म्हणून ठिपका कमी युरेनियमच्या, तडे नसलेल्या भागावरच टाकायचा.

दगडधोंडे
मग ४५४ हा आकडा कुठल्या खडकाचा?

उत्तर ३ (प्रावरण)
पृथ्वीवरच्या कुठल्याच खडकाचा नाही. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसनने अशनींमधल्या शिशावरून ४५५ कोटी काढले, ७ कोटी इकडेतिकडे धरून. सूर्यमालेतले सर्वांत जुने कण ४५६.७ कोटींचे.

पहिले खडक उरले नाहीत, कारण ते बेसाल्टसारखे जड होते आणि खाली जाऊन पुन्हा वितळले. चंद्रावर हलकं फेल्डस्पार शिलारसावर तरंगून पांढरं कवच झालं; पृथ्वीवर खोलीबरोबर दाब भराभर वाढतो, आणि तेवढ्या दाबाखाली ते फेल्डस्पार टिकत नाही. टिकणारं कवच नंतर आलं. पाणी मुरलेलं बेसाल्ट खोलवर अर्धवट वितळलं की सिलिका जास्त असलेला हलका शिलारस सुटतो, त्यातून अकास्टासारखे खडक. कोरडं बेसाल्ट या कामाचं नाही, त्याला वितळायला फारच जास्त तापमान लागतं.

म्हणून पाण्याचा पुरावा महत्त्वाचा. प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, थेट आलेल्या झिरकॉनमध्ये जड ऑक्सिजनचं मान ५.३ च्या जवळ असतं (समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारी किती जास्त, ते). जॅक हिल्सच्या काही दाण्यांत ७ च्या वर जातं. थंड पाण्याने कुजलेलं काहीतरी त्या शिलारसात वितळलं होतं.

चाळणी
कॅनडातल्याच नुव्वुआगिटुक पट्ट्याचं ४२८ कोटी वय वाचनात येईल. ते झिरकॉनचं नाही, समारियम-निओडिमियमचं. तिथे ज्या आलेखाच्या सरळ रेषेवरून वय काढलं, ती रेषा दोन द्रव्यं मिसळल्यानेही येऊ शकते, हा आक्षेप जुनाच.

दगडधोंडे
आपल्याकडे असलं काही?

प्रावरण
ओडिशात चंपुआजवळच्या सिंगभूम खडकांत ४२४ कोटी वर्षांचे झिरकॉन नोंदलेत. तिथेही दाणे जुने, खडक नंतरचा. सह्याद्रीतला बेसाल्ट तर अवघा ६.६ कोटींचा.