आधी झोप बघा, मग हात

वर एकांनी लिहिलंय, 'ज्याचा हात बसत नाही त्याने सर्जरी सोडावी.' अजिबात पटलं नाही. इथे नाशकात निवासी डॉक्टरांना शिकवतो. पहिल्या वर्षी क्वचितच कुणाचा हात अडतो. एकाची अपेंडिक्सच्या केसमध्ये टाक्याची गाठ सैल पडायची, ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांसमोर झापलं की आणखी थरथर. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेला सिल्कचा धागा कॉटच्या दांडीला अडकवून त्याला एकहाती गाठी मारायला लावल्या. एकही सरकली नाही! केसच्या आदल्या रात्रभर इमर्जन्सी करून पठ्ठ्या न झोपता तिथे उभा होता.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत कामाचे तास 'वाजवी' असावेत असं म्हटलंय, आकडा दिलेला नाही. मग सगळं युनिटच्या मर्जीवर.

एमएसची, म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाची, वर्षं तीनच. कच्चा दुवा फायनल परीक्षेला कळून काय उपयोग? लॉगबुकवर (केलेल्या कामाच्या नोंदवहीवर) सही करताना दहा मिनिटं बसून विचारा, कुठल्या स्टेपला अडतोस? आणि हे थिसिस गाइडने विचारू नये. थिसिसवरची सही त्यांच्या हातात, पोरं त्यांना खरं सांगत नाहीत.