अनुभव धागा: तुमच्या पॉडकास्टचे पहिले काही आठवडे कसे गेले?

माटोळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्या गोव्यातल्या जत्रांमधल्या मराठी नाटकांवर पॉडकास्ट काढतेय. पडदे रंगवणारे, पेटीवाले, दाढीमिशा चिकटवणारे, रात्री अडीचला चहा पुरवणारे, अशा सगळ्यांशी गप्पा. बाबा तीस वर्षं गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर होते, त्यामुळे माणसं गाठायची अडचण नाही. दोन एपिसोड तयार आहेत, तिसरा अर्धा झालाय, कव्हर भाच्याने केलंय. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) मुहूर्तावर सोडायचा बेत आहे.

ज्यांनी स्वतः पॉडकास्ट काढलाय (बंद पडला असेल तर आणखी बरं) त्यांनी सुरुवात कशी झाली, काय फसलं ते लिहा. माइक कुठला घ्यावा ते नको, त्यावर व्हिडिओंचा पूर आहे.

फेरीबोट

ताई, चवथ सोडून कुठलाही दिवस घ्या. हा पराक्रम मी केलेला आहे. पणजी-म्हापशातली निम्मी माणसं त्या दिवसांत मूळ गावी. कोण माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताला) कांगलांची रानफळं बांधतोय, कोण नेवऱ्या तळतोय, संध्याकाळी घरोघर घुमट या वाद्यावर आरत्या. कानात इयरफोन घालून कोपऱ्यात बसलेला माणूस त्या गर्दीत दिसला तर आजी त्याला आधी नारळ सोलायला बसवते. पहिल्या दिवशी अकरा वेळा ऐकला गेला, त्यातल्या दोन वेळा मीच.

दुसरी चूक याहून मोठी. एपिसोड चढवला आणि त्याच सकाळी ॲपलकडे फीड (ॲपना एपिसोड पुरवणारी लिंक) पाठवली. नवा कार्यक्रम त्यांच्याकडे तपासला जातो आणि त्याला काही दिवस लागू शकतात, हे मला कुठे माहीत! इकडे मी सगळ्या ग्रुपांवर 'आला, आला' करून ठेवलेलं. लोक शोधतायत, सापडत नाही. चार दिवसांनी सापडायला लागला तोवर कुणाला आठवणही नव्हती.

तेव्हा दीड-दोन मिनिटांचा ट्रेलर करा आणि निदान दोन आठवडे आधी चढवून सगळीकडे मंजूर करून घ्या. फीडमध्ये एक तरी ऑडिओ असावा लागतो, ट्रेलर त्याला पुरतो. कव्हर चौकोनीच हवं, १४०० ते ३००० पिक्सेलच्या मधलं. भाच्याला आत्ताच विचारा.

जुना उद्घोषक

मी काही वर्षं पणजी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होतो. १९४६ साली पोर्तुगीज अमदानीत एमिसोरा द गोवा म्हणून सुरू झालेलं हे केंद्र. तिथे एक गोष्ट अंगात मुरली: कपाटात टेपा असल्याशिवाय मालिका सुरू करायची नाही. दोन एपिसोड हातात घेऊन निघणं म्हणजे दोन नारळांवर जेवणावळ घालणं. तुमचा तिसरा पाहुणा आजारी पडणार, चौथ्याचा मुलगा दुबईहून येणार आणि पाचवा आयत्या वेळी म्हणणार, "माझं नको, दादाचं घ्या." माझ्या पॉडकास्टला चौथ्या एपिसोडनंतर सात आठवड्यांचा खंड पडला, तो कायमचाच.

पहिल्या दिवशी तीन सोडा म्हणजे आवडलेल्या माणसाला पुढे ऐकायला काही मिळतं. आणि तेव्हा आणखी चार तयार असू देत. म्हणजे एकूण सात. सात होईपर्यंत तारीख जाहीर करू नका, हे माझं ठाम मत.

आवाजाची पातळी सगळ्या एपिसोडना एकसारखी ठेवा. ॲपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या पातळीचं माप) आसपास आहे. ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये ते फुकटात जमतं. मग तो एपिसोड घेऊन पणजी-मडगाव कदंब बसच्या शटलमध्ये खिडकीपाशी बसा. कुठ्ठाळीपर्यंत पाहुण्याचा शब्द न् शब्द कळला तर पास.

पागोळी

मी सत्तरी तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांची धालोगीतं (बायकांच्या धालो नाचाची गाणी) आणि आठवणी रेकॉर्ड करायला घेतल्या, आणि मुहूर्त कुठला, तर जूनचा! वर पत्रे. पाऊस सुरू झाला की समोरची आजी नुसते ओठ हलवतेय असं दिसायचं. तीन दुपारी वाया गेल्या. शेवटी आतल्या कोठीच्या खोलीत भाताच्या पोत्यांमध्ये बसलो, दाराला गोधडी टांगली, आणि काय आवाज आला म्हणून सांगू! पोती सगळा घुमारा पिऊन टाकतात. उकाड्याने आजी वैतागली ते वेगळं.

त्यानंतर कंडेन्सर माइक विकला आणि तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक घेतला. (माइकचं नको म्हणालात, पण हे एक वाक्य राहू द्या. कंडेन्सरला शेजारच्या वाड्यातली कोंबडीसुद्धा ऐकू येते.)

एकदा आजी नवऱ्याच्या मरणाची गोष्ट सांगताना थांबली आणि नेमका तेव्हा बाहेर पोदेराचा भोंगा वाजला. ती म्हणाली, "पाव घेऊन येते हां," आणि उठून गेली. माइक चालूच. परत येऊन तिने गोष्ट पुरी केली. मी ते कापलं होतं, बहिणीने परत घालायला लावलं. अजून लोक त्याच जागेबद्दल बोलतात.

हिशेबनीस

आमचं उलटंच झालं. गावातल्या लोकांनी ऐकलं, पण आकडा हलेना. कारण शोधलं तर मीच. लिंक उघडत नाही अशी काकांची तक्रार आली म्हणून मी ऑडिओ फाइलच व्हॉट्सॲपवर टाकली. ती बोरीपासून काणकोणपर्यंत फिरली. लग्नात अनोळखी माणूस येऊन म्हणाला, "तुमचा तो नारळाच्या भावाचा एपिसोड झकास." आणि डाउनलोड किती? चौदा.

गूगलचं पॉडकास्ट ॲप २०२४ मध्ये बंद झाल्यापासून अँड्रॉइडवाल्या ज्येष्ठांना सांगायला सोपी जागा यूट्यूबच उरली. आता तिथे एक स्थिर चित्र लावून पूर्ण एपिसोड टाकतो आणि व्हॉट्सॲपवर फक्त एका मिनिटाचा तुकडा, जिथे गोष्ट अडते नेमका तिथपर्यंत. त्याखाली एकच लिंक. पाच लिंका दिल्या की माणूस एकही दाबत नाही.

तिसरी घंटा

नाटकाचा विषय आहे म्हणून कळकळीने लिहितो. मी सुरुवातीच्या संगीताला एका जुन्या नाट्यपदाची ध्वनिमुद्रिका वापरली. आठवडाभरात हक्काचा दावा आला आणि एपिसोडचा आवाजच बंद. अगदी लाँचच्या आठवड्यात.

नंतर नीट समजून घेतलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द मोकळे होतात. 'सौभद्र'कर्ते किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, म्हणजे त्यांची पदं म्हणायला कुणाची आडकाठी नाही. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रकाशनापासून ६० वर्षं. १९७५ ची तबकडी अजून मोकळी नाही, पद कितीही जुनं असो. मी गावच्या पेटीवाल्याकडून तेच पद नव्याने वाजवून घेतलं आणि त्याची लेखी परवानगी ठेवली. तो पाचशे रुपये घेईना, शेवटी एक फणस नेला.

खारवी

शीर्षक देवनागरीत ठेवा, पण वर्णनात तेच नाव रोमन लिपीतही लिहा. आपली पोरं मराठी शोधतात तीसुद्धा रोमन अक्षरांत. आणि फीडची भाषा मराठी निवडा. माझी दोन महिने इंग्रजीच राहिली होती.

फीडमध्ये दिलेला ईमेल कुणालाही दिसू शकतो. स्वतःचा रोजचा देऊ नका. मला अजून 'तुमचे श्रोते दहापट करतो'वाल्यांची पत्रं येतात.

गप्प

लाँच-बिंच मी केलंच नाही. वीस जणांना एकेक करून फोन केला, ग्रुपवर एक शब्द नाही. "ऐक, आणि कुठे कंटाळलास तेवढं मिनिट मला कळव." तेरा जणांनी कळवलं. त्यातल्या नऊ जणांचं मिनिट एकच होतं: पहिलं. माझं संगीत, नमस्कार, माझी ओळख, पॉडकास्टची ओळख, पाहुण्याची ओळख, पुन्हा संगीत. पाहुणा तोंड उघडेपर्यंत दोन मिनिटं चाळीस सेकंद! आता पाहुण्याचंच एखादं वाक्य आधी, मग वीस सेकंदांत नाव-गाव.

जुन्या उद्घोषकांच्या सातच्या हट्टाशी मात्र सहमत नाही. सातही एपिसोड तयार करून बसलो असतो तर सातांतही तेच रटाळ तोंड असतं. तीन करा, वीस जणांना ऐकवा, मग पुढचे.

जुना उद्घोषक

गप्प, मुद्दा मान्य. तीन ऐकवून मग चार. पण सात.

फेरीबोट

ताई, एक सुचलं. जत्रेच्या नाटकात मध्यंतराला देणगीदारांची नावं वाचतात ना? त्यात तुमचं एक वाक्य घुसवा. तुमचे श्रोते तिथे आयतेच खुर्च्यांवर बसलेले असतात, हातात खाज्याची पुडी घेऊन. तिकीटबारी नाही, पण एक क्यूआर कोडचा कागद चहाच्या टपरीवर लावायला कोण नको म्हणेल?

माटोळी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, बेत पार उलटापालटा झाला. चवथ रद्द. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की पहिल्या गावच्या नाटकाच्या रात्री. मध्यंतराच्या वाक्यासाठी कमिटीच्या अध्यक्षांना विचारलं, ते म्हणाले, "देणगी किती?" घासाघीस चालू आहे.

तिसरी घंटा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. माझ्या ट्रेलरमध्ये तबकडीच होती. काढली.

पागोळी, तुमच्या पोदेरासारखं माझ्याकडेही एक आहे. पहिल्या एपिसोडमध्ये एक जुने नट स्वगत म्हणून दाखवताना मध्येच अडकतात, आणि मागून बाबांचा कुजबुजलेला आवाज येतो, पुढची ओळ सांगणारा. बाबा तिथे नुसते चहा घ्यायला बसले होते. भाचा म्हणतो गोंगाट आहे, पुसून टाकतो. मी त्याच्या हातून लॅपटॉप काढून घेतलाय.

वीस फोनांची यादी आज रात्री करते. यातल्या कुणाला यादीत यायचं असेल तर खाली 'मी' लिहा.