प्रतिसाद: संघ गेला, चाहत्यांचं काय?

मालकांनी संघ एका शहरातून दुसरीकडे हलवला की 'नव्या शहराला आयता संघ मिळतो, रडतं ते फक्त जुनं शहर' हा मुद्दा अर्धाच पटला. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराच्या आइस हॉकी संघाचं, हार्टफर्ड व्हेलर्सचं उदाहरण घ्या. १३ एप्रिल १९९७ ला त्यांनी घरच्या मैदानावर टॅम्पा बे संघाला २-१ ने हरवून निरोप घेतला. शेवटचा गोल कर्णधार केव्हिन डिनीनचा. पण नॉर्थ कॅरोलिनातल्या ज्या रॅली (Raleigh) शहरासाठी संघ हलवला तिथलं स्टेडियम तयारच नव्हतं! मग कॅरोलिना हरिकेन्स हे नवं नाव घेऊन पहिले दोन हंगाम सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या ग्रीन्सबरोत खेळावं लागलं. ग्रीन्सबरोवाल्यांना ठाऊक होतं की हे भाडेकरू आहेत, आणि रॅलीवाले दर सामन्याला एवढं लांब कशाला येतील? रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून वरच्या मजल्यावर पडदे टाकायची वेळ आली. म्हणजे जुने चाहते गेले, नवे अजून यायचे होते. पुढे २००६ ला स्टॅनले कप (या लीगचं विजेतेपद) जिंकला तेव्हा मात्र रॅली हॉकीचं झालेलं होतं.

बाकी हार्टफर्डच्या जखमेवर मीठ म्हणाल तर, २३ डिसेंबर २०१८ ला हरिकेन्स बॉस्टनविरुद्ध चक्क व्हेलर्सची हिरवी जर्सी घालून उतरले, तेही रॅलीत. काही जुन्या चाहत्यांना भरून आलं, काहींचा संताप झाला. मी संतापणाऱ्यांच्या बाजूने. संघ नेलात ना, मग जर्सी तरी सोडा की राव! (विकली जाते जोरात, म्हणून सोडत नाहीत, हे कळतंय.)