मदत हवी आहे: जुनं जर्मन छापील लिपीतलं वाचता येणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. आमच्या संगीतमंडळात आमाली माटेर्ना या ऑस्ट्रियन गायिकेवर बोलायचं कबूल करून बसलोय. बाईंची कारकीर्द भन्नाट. सुरुवात ग्रात्सला, हलक्याफुलक्या ऑपेरेटांतून. 1869 मध्ये व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात मायरबेअरच्या ऑपेरातली नायिका सेलिका. 1875 मध्ये गोल्डमार्कच्या 'शेबाची राणी'च्या पहिल्या प्रयोगात राणी तीच. मग 1876 ला जर्मनीतल्या बायरॉइटमध्ये, वाग्नरच्या स्वतःच्या नाट्यगृहात, त्याचं चार रात्रींचं 'रिंग' पहिल्यांदा सलग झालं, त्यात ब्र्यूनहिल्ड ही दमदार आवाज लागणारी नायिका; 1882 ला 'पार्सिफाल'ची पहिली कुंड्री.

माझं घोडं अडलंय ते ऑपेरेटा ते ब्र्यूनहिल्ड या उडीपाशी. आवाज आधीपासूनच तेवढा दमदार होता, की व्हिएन्नात घडला? बायरॉइटला वाद्यवृंद झाकलेल्या खड्ड्यात बसतो, वाद्यांचा आवाज दबतो, त्यामुळे गायकाला थोडी मोकळीक मिळते. पण व्हिएन्नात ती सोय नव्हती.

उत्तर तेव्हाच्या परीक्षणांत असणार. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन ठेवलीत, पण बहुतेक फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील लिपीत! त्यातला मोठा एस मला जीसारखा दिसतो. 'सेलिका' मी दोन दिवस 'गेलिका' वाचत होतो. (हसू नका.) जर्मनच्या दोन परीक्षा दिल्यात, पण इथे त्यांचा काडीचा उपयोग नाही.

1869 च्या परीक्षणाचे दोन रकाने कुणी वाचून देईल का? निदान आवाजाबद्दलची वाक्यं तरी. आणि तिच्यासारख्या दमदार उंच आवाजाला, म्हणजे 'ड्रॅमॅटिक सोप्रानो'ला मराठीत काय म्हणता? 'जोरकस तार आवाज' मला काही पटत नाही.